चार सेकंद

नाटकात दोन बायका आहेत आणि एक फोन.
फोन खोटा. चोर बाजारातला, काळा, जड,
त्याची वायर गालिच्याखाली जाते आणि तिथंच संपते,
पुढं नुसती चिकटपट्टी.
घंटा माझ्याकडे. डावीकडच्या विंगेत, स्टुलावर,
लॅमिंग्टन रोडवरनं आणलेली पेटी नि एक लाल बटण.
प्रयोगाला साडेचारशे रुपये, चहा वेगळा.

गोष्ट अशी:
एका म्हाताऱ्यानं रात्री लेकीला फोन लावला,
एक आकडा चुकला.
भलत्याच घरात भलतीच बाई झोपेतून उठली.
तो म्हणाला, "बाळ, जरा येतेस का?"
ती म्हणाली, "राँग नंबर," आणि ठेवला.
पुन्हा वाजला. तिनं उशी कानावर घेतली.
बस्स. एवढाच गुन्हा. कुठल्याच कलमात न बसणारा.
दुसऱ्या अंकात ती त्या लेकीचं दार वाजवते
आणि लेक विचारते, "आवाज कसा होता त्यांचा?
नाही, शब्द नकोत. आवाज."

केतकी राऊळ हे वाक्य रोज वेगळं म्हणते,
कधी विचारल्यासारखं, कधी मागितल्यासारखं.
ठाण्याच्या प्रयोगात तिनं ते म्हटलंच नाही,
नुसती हात पुढे करून उभी राहिली,
आणि प्रॉम्प्टर भिसेकाका चष्मा पुसत बसले.

माझं काम तोवर उरकलेलं असतं.
घंटा चार सेकंद, मग थांब, मग पुन्हा चार.
तालमीत बाई ओरडायच्या, "चुरी, घाई नको,
लोकांना उचलावासा वाटला पाहिजे."
मी मनात आकडे मोजायचो.
बटण दाबायला असं काय लागतं, वाटायचं.

परळला आठवा प्रयोग. पडदा पडला,
सेटवाले सोफा उचलून टेम्पोकडे गेले,
आणि एक गृहस्थ पायऱ्या चढून वर आले.
हाफ शर्ट, खिशात चष्म्याचं घर,
हातात तिकिटाचा तुकडा अजून.
"घंटा तुम्ही वाजवता?"
"हो."
"चार सेकंदांत थांबते."
"तसं ठरलंय."
"इतक्या लवकर थांबत नाही हो ती.
आमच्याकडे अकरा वेळा वाजली होती.
मी जेवत होतो. हात उष्टा होता."

कुणाचा फोन, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
"हात उष्टा होता," पुन्हा म्हणाले,
जणू मी पंच आहे आणि पंचनामा चाललाय.
मलाही सांगण्यासारखं होतं एक. गिळलं.

वॉचमन बाहेरचे दिवे घालवत होता,
रस्त्यावर कुणी टॅक्सीवाल्याशी
वडाळ्याच्या भाड्यावरून हुज्जत घालत होतं.
त्यांनी पेटीकडे पाहिलं
दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाहावं तसं, हात न लावता.
"एकदा दाबू?"
मी स्टुलावरनं उठलो.

रिकाम्या खुर्च्यांत घंटा फार मोठी होते,
माणसं नसली की आवाज कुठं जिरत नाही.
चार. पाच. सहा. ते बोट काढेनात.
मी का चालू लागलो, ठाऊक नाही.
पंचवीस वर्षांत रंगमंचावर
झाडू मारायलाच काय तो गेलो असेन.
टेपॉय अजून न्यायचा होता. त्यावर फोन.
उचलला.
घंटा थांबली.

कानाला गार लागलं. "हॅलो," मी म्हणालो.
पलीकडे चिकटपट्टी.
मग विंगेतल्या अंधारातून, बऱ्याच वेळानं,
थोडा बदललेला, म्हातारा झालेला आवाज:
"जेवत होतास का?
असू दे. जेव आधी."

ते गेले. नाव राहिलं विचारायचं.

पुढच्या प्रयोगाला मी घंटा सहा सेकंद वाजवली.
मध्यंतरात बाईंनी झापझाप झापलं,
सगळ्यांसमोर. बरोबरच आहे त्यांचं.
पण विंगेच्या फटीतून मला दिसत होतं,
पाचव्या सेकंदाला, तिसऱ्या रांगेत,
एक बाई घाईघाईनं पर्स उघडून
स्वतःचा मोबाईल शोधत होती.